दोघींत एक पिस्तूल

घरात पिस्तूल आलं तर एकच येईल, अशी अट प्रसादनं घातली तेव्हा ती इतकी सोपी वाटली होती की मृदुलानं आणि प्राचीनं, सासूनं आणि सुनेनं, लगेच मान डोलावली. पोलिसांकडून एक बाई घरी येऊन गेल्या. गॅरेजमधली तिजोरी काँक्रीटला नीट बसवली आहे का ते त्यांनी हलवून पाहिलं, दोघींशी वेगवेगळं बोलल्या, आणि प्रसादला बाजूला घेऊन त्याची काही हरकत आहे का ते विचारलं. त्यानं नाही म्हणून सांगितलं ते त्या अटीच्या भरवशावर. दोघींनाही परवानगी मिळाली. पण एकच म्हणजे कोणतं, हे तोवर कोणी बोललंच नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी ऑकलंडच्या दक्षिणेला, बॉम्बे हिल्सच्या पलीकडच्या पिस्तूल क्लबात हेमीनं लाकडी टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा ते बोलावंच लागलं.

"किया ओरा, लेडीज," हेमीनं माओरीत नमस्कार केला. तो क्लबचा रेंज ऑफिसर, नेमबाजीवर देखरेख करणारा, भरदार बांध्याचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. "दोन्ही आपल्याच जुन्या मेंबरांची आहेत. दोघांनाही विकायची आहेत. आज दिवसभर वापरा, दुपारच्या जोडीच्या सामन्यात यातलंच एक घेऊन उतरा आणि संध्याकाळी मला सांगा."

दोन्ही पूर्ण आकाराची, दोन्ही धातूच्या सांगाड्याची. एक इटालियन, ॲल्युमिनियमच्या अंगाचं, लांब नळीचं, हातात घेतलं की वाटतं त्याहून हलकं. दुसरं झेक, आख्खं पोलादी, बुटकं दिसणारं आणि उचललं की खांद्यापर्यंत जाणवणारं.

मृदुलाचा हात आपोआप झेककडे गेला. प्राचीचा इटालियनकडे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

मृदुला चौसष्ट वर्षांची होती. साताऱ्यातल्या शाळेत तिनं आयुष्यभर गणित शिकवलं आणि नवरा गेल्यावर मुलाकडे, प्रसादकडे, ऑकलंडला, बॉटनी डाउन्सच्या घरात राहायला आली. नेमबाजी हा तिचा छंदच नव्हता. तो प्राचीचा. ऑफिसच्या टीमबरोबर प्राची एकदा इथं आली, तिला आवडलं, ती मेंबर झाली. रविवारी घरात एकटं बसण्यापेक्षा म्हणून मृदुला तिच्याबरोबर यायची आणि क्लबहाउसमध्ये चहा घेत बसायची. एके दिवशी हेमीनंच तिला कानावर लावायला झाकणं दिली, चष्मा दिला आणि क्लबचं पिस्तूल हातात ठेवलं. तिच्या पहिल्या पाच गोळ्यांची भोकं एका पुरीखाली झाकली गेली असती. तेव्हापासून क्लबात "प्राचीची सासू" हे नाव मागे पडलं आणि "मिसेस एम" झालं.

त्या दिवशी प्राचीनं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. परतीच्या वाटेवर मात्र ती मोटरवे संपेपर्यंत काही बोलली नव्हती. मृदुलाच्या ते लक्षात होतं.

*

मृदुलाचा धाकटा दीर रवींद्र हॅमिल्टनहून निघाला तो मनाशी ठरवूनच. आज हे प्रकरण मिटवायचं.

तो हॅमिल्टनच्याच 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर होता, निवृत्तीला आलेला. मोठा भाऊ गेल्यावर या घराचं वडीलपण आपसूकच त्याच्याकडे आलं होतं आणि ते त्यानं कधी हलकं घेतलं नव्हतं. वहिनींचं मनगट दोन हिवाळ्यांपूर्वी ओल्या डेकवर पाय घसरून मोडलं तेव्हा तोच रात्रंदिवस हॉस्पिटलात बसला होता. त्या मनगटात अजून प्लेट होती. आणि त्या हातानं वहिनी पिस्तूल चालवणार, ते घरात ठेवणार, जिथं प्रसाद-प्राचीची पंधरा वर्षांची मुलगी सिद्धी राहते. त्याला हे खरोखर कळत नव्हतं. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला दोघांनी त्याला विचारलं होतं, "तुमच्या वहिनी गोळ्या झाडतात म्हणे?" त्यानं विषय बदलला होता.

सरळ नाही म्हणून उपयोग नव्हता, परवाने हातात आलेले. पण एकच पिस्तूल आणि दोघींचं मत वेगळं, हे त्या सकाळी प्रसादनं फोनवर सांगितलं तेव्हा रवींद्रला वाट दिसली.

रेंजच्या मागे मॅक्रोकार्पाच्या उंच झाडांच्या कुंपणाआड वारा लागत नव्हता. तिथं बाकावर डबे उघडले. रवींद्रच्या बायकोनं, सुरेखानं, रताळ्याची, म्हणजे इथल्या लाल कुमराची थालीपिठं केली होती, मृदुलानं मटकीची उसळ आणली होती, आणि सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून प्रसादनं पेढे आणले होते. सिद्धी इथल्या मे महिन्याच्या थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आली होती आणि क्लबच्या सॉसेजच्या रांगेत उभी होती.

मृदुला हात धुवायला नळाकडे गेली तसा रवींद्र प्राचीजवळ सरकला.

"प्राची, मी स्पष्ट बोलतो. हा छंद तुझा. क्लब तू शोधलास. मग पिस्तूल तुझ्याच पसंतीचं हवं. त्या सासू आहेत म्हणून दबू नकोस."

प्राचीला बरं वाटलं. काकांनी तिची बाजू घ्यावी असं आजवर झालं नव्हतं.

थोड्या वेळानं प्राची हेमीशी बोलायला गेली, आणि रवींद्र पाण्याची बाटली घेऊन मृदुलाशेजारी बसला.

"वहिनी, तुम्ही घरातल्या मोठ्या. निवड तुमचीच व्हायला हवी. उद्या सुनेनं निवडलं आणि तुम्ही मागून घेऊन वापरलं, बरं दिसेल का?"

मृदुला बाटलीतलं घोटभर पाणी प्याली. पण बोलणं आत कुठंतरी लागलंच.

सुरेखा समोर बसून थालीपिठावर लोणी लावत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि चारचौघांत तिनं नवऱ्याला खोडून काढल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिनं सुरी खाली ठेवली.

"प्राची, जरा इकडे ये गं," तिनं हाक मारली. प्राची आली तशी ती म्हणाली, "मघाशी हे तुला काय म्हणाले? तुझी पसंती हवी, असंच ना?"

"हो, काकू."

"आत्ता वहिनींना म्हणाले, तुमची पसंती हवी. गाडीत मला काय म्हणाले ते पण सांगते. दोघींचं एकमत झालं नाही तर एकही घरात येणार नाही."

रवींद्रचा चेहरा लाल झाला. सिद्धी सॉसेज घेऊन परत आली होती, ती हळूच म्हणाली, "व्वाव, काका आजोबा. दॅट्स स्नीकी."

"सिद्धी," प्रसाद म्हणाला, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं.

"मी वाईट हेतूनं नाही केलं," रवींद्र म्हणाला. "मला भीती वाटते. वहिनींच्या हाताची. पोरीची. यात हसण्यासारखं काय आहे?"

"नाहीच हसण्यासारखं," मृदुला म्हणाली. "भावजी, भीती वाटते तर भीती वाटते म्हणा. आम्ही ऐकू. तुम्ही माझ्यासाठी हॉस्पिटलात बसलात ते मी विसरलेली नाही. पण आम्हा दोघींना एकमेकींवर घालू नका." मग ती प्राचीकडे वळली. "आणि मी ठरवलंय. इटालियन घेऊ. हलकंही आहे. तुला आवडलंय."

प्राचीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. पडदे कोणते घ्यायचे, सिद्धीला कोणत्या शाळेत घालायचं, दिवाळीला कोणाकडे जायचं, या घरात प्रत्येक वेळी तिनं समजुतीनं घेतलं होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिच्या मनासारखं होत होतं, आणि ते कोणीतरी ताटात वाढून दिल्यासारखं.

"आई, तुम्ही सोडून दिलंत म्हणून मला नकोय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुमचा नेम चांगला आहे. क्लबातल्या सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. मला वाईट वाटतं त्याचं, खोटं कशाला बोलू? इथं मी आधी आले होते. पण तुम्ही माघार घेतलीत तर मला जास्त वाईट वाटेल."

मोटरवेवरची ती गप्प बसलेली संध्याकाळ मृदुलाला आता समजली.

"मग काय करायचं?"

"दोघी दोन्ही मारून बघू. प्लेट्सवर. जे होईल ते होईल."

*

प्लेट्स म्हणजे पोलादी थाळ्या, ताटलीएवढ्या, एका रांगेत पाच. गोळी लागली की टण्ण आवाज होऊन मागे पडतात. घड्याळ सुरू होतं, पाचही पडल्या की थांबतं. हेमीनं सगळ्या मंडळींना लाल रेघेमागे उभं केलं, कानांवर झाकणं, डोळ्यांवर चष्मे लावायला लावले. रवींद्रनंही लावले.

आधी मृदुला, इटालियन घेऊन. त्याची मूठ रुंद होती आणि पहिल्या गोळीला चाप लांबून ओढावा लागे. तिची बोटं आखूड. बोटाचं टोक जेमतेम चापावर पोचत होतं आणि तेवढ्यात नळी बाजूला हलत होती. पहिली गोळी मातीत गेली. पुढच्या चार गोळ्यांत चार थाळ्या पडल्या, पण प्रत्येक झटक्याला तिच्या ओठांची कड ताणली जात होती. शेवटच्या थाळीसाठी तिला तीन गोळ्या खर्चाव्या लागल्या. पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवल्यावर तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"बघा," रवींद्र पुटपुटला. "मी म्हणत नव्हतो? हलकं असून ही गत."

"हलकं आहे म्हणूनच," हेमीनं मघाशी सांगितलेलं प्रसादनं त्याला ऐकवलं. "हलकं पिस्तूल झटका हातावर टाकतं, काका. जड असलं की तो वजनातच जिरतो."

रवींद्र इंजिनिअर होता. हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यानं नुसतं "हं" केलं, आणि पुढच्या वेळी मृदुला झेक घेऊन उभी राहिली तेव्हा तो रेघेच्या अगदी कडेला येऊन तिच्या मनगटाकडे बघत राहिला. पाच गोळ्या, पाच थाळ्या. नळी दर वेळी बोटभर उठायची आणि जागेवर येऊन बसायची. मनगट हललं नाही.

मग प्राची. इटालियन तिच्या लांब बोटांत असं बसलं की जणू तिच्यासाठीच बनवलं होतं. पाच थाळ्या सटासट पडल्या, दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. सिद्धीनं दोन्ही हात वर केले. प्राचीनं पिस्तूल खाली ठेवताना त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

झेक तिनं उचललं ते जरा नाराजीनंच. ते जड होतं, हात लवकर भरून येत होते, एका थाळीवरून दुसरीवर जायला वेळ लागत होता. पण पाचही पडल्या. तिनं पुन्हा मारून पाहिलं. पुन्हा पाचही. तिची एक जुनी खोड होती, झटका येणार म्हणून आधीच नळी किंचित खाली दाबायची, आणि घाईत त्यापायी एखादी थाळी हमखास सुटायची. या पिस्तुलावर ती दाबलीच जात नव्हती. वेळ मात्र इटालियनपेक्षा थोडा जास्तच.

ती टेबलापाशी दोन्ही पिस्तुलांसमोर उभी राहिली. इटालियन तिला हवं होतं, अजूनही हवं होतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या पिस्तुलानं माझं थोडंसं बिघडतं. माझ्या पिस्तुलानं तुमचं पार बिघडतं. झेक घेऊ."

"नक्की?"

"नक्की. पण एक आहे. पिस्तूल माझ्या नावावर राहील. अर्ज मी करणार, तिजोरी मी उघडणार. तुम्हाला हवं तेव्हा तुम्ही मला मागायचं."

असं वाक्य या घरात सुनेनं सासूला कधी ऐकवलं नव्हतं. रवींद्रनं मृदुलाकडे पाहिलं. मघाशी त्यानंच तिला विचारलं होतं, मागून घेणं बरं दिसेल का.

"मागेन की," मृदुला म्हणाली. "तुझंच आहे ते." आणि तिनं झेकची पेटी उचलून प्राचीच्या हातात दिली.

*

जोडीच्या सामन्याचा नियम साधा होता. एक पिस्तूल, दोघे नेमबाज. एकानं पाच थाळ्या पाडायच्या, घड्याळ थांबणार, पिस्तूल रिकामं करून टेबलावर, हेमीनं तपासलं की जोडीदारानं उचलायचं, घड्याळ पुन्हा सुरू. दोघांचा वेळ एकत्र. विजेत्यांना मिळणारी ढाल सलग चार वर्षं पुकेकोहे गावच्या दोघा भावांकडे होती. ते कांद्याची शेती करायचे आणि त्यांच्या मनगटांएवढे कित्येकांचे दंड नव्हते.

प्रसाद सामना बघायला आजवर कधी आला नव्हता. दर वेळी काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे त्याला आवाज सहन होत नव्हता, आणि आई नि बायको आपल्याशिवाय कुठंतरी इतक्या खूश असतात हेही. आता तो लाल रेघेमागे उभा होता, एका बाजूला सिद्धी, दुसऱ्या बाजूला काका-काकू.

एकेक जोडी झाली. भाऊ शेवटून दुसरे होते. त्यांनी मारलं ते पाहून प्रेक्षकांतला कोणीतरी म्हणाला, "स्वीट ॲज, एकदम मस्त, ढाल गेली पुकेकोहेला." धाकट्याची एक गोळी हुकली होती, तरी त्यांचा वेळ सगळ्यांच्या पुढे होता.

मग दोघी. आधी मृदुला. चार थाळ्या तिनं एका लयीत पाडल्या, टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. पाचव्या गोळीला थाळी वाजलीच नाही. कडेनं गेली. तिनं पुन्हा नेम धरला. घाई केली नाही, आणि प्रसादला वाटलं, घाई कर ना आई. थाळी पडली. पण वेळ गेला होता, आणि पिस्तूल टेबलावर ठेवून ती मागे सरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"माझ्यामुळे गेलं," ती प्राचीला म्हणाली.

"अजून गेलं नाहीये," प्राची म्हणाली.

तिनं पिस्तूल उचललं. मॅगझिन बसवलं. पावलं थोडी फाकवली. प्रसादनं तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरात ती नेहमी कुठंतरी जाताना, काहीतरी उचलताना दिसायची. इथं ती नुसती उभी होती, आणि सगळी जागा तिची होती.

भोंगा वाजला.

पहिली थाळी पडल्याचं प्रसादला कळेपर्यंत दुसरी पडली होती. तिसरी. ते जड पोलाद तिच्या हातांत एका थाळीवरून दुसरीवर असं सरकत होतं की त्याला जणू वजनच नव्हतं. चौथी. मध्ये एक क्षण गेला, सकाळपासूनचा सगळ्यात लांब क्षण, आणि त्या क्षणात तिनं नळी खाली दाबली नाही. पाचवी थाळी टण्णकन मागे गेली आणि तिच्या मागच्या मातीच्या बांधावर आवाज घुमला.

प्राचीनं पिस्तूल रिकामं केलं, हेमीला दाखवलं, टेबलावर ठेवलं. नियम म्हणजे नियम. मगच ती वळली. हेमी घड्याळाकडे बघत होता. त्यानं एकदा बघितलं, मग चष्मा वर करून पुन्हा बघितलं, आणि घड्याळ त्या दोघा भावांपुढे धरलं. थोरल्यानं ते वाचलं. टोपी काढली आणि लांब लांब ढांगा टाकत येऊन आधी मृदुलाशी, मग प्राचीशी हात मिळवला.

"फेअर अँड स्क्वेअर, लेडीज," तो म्हणाला.

मृदुलानं प्राचीला मिठी मारली. कानांवरची झाकणं दोघींनीही काढली नव्हती, ती एकमेकींवर आपटली आणि दोघी हसत सुटल्या. सिद्धी जँडल्स हातात घेऊन गवतातून पळत आली. "मम, यू वर सो फास्ट," ती म्हणत राहिली, आणि मग तिला आठवलं तसं मराठीत, "आई, लय भारी." सुरेखा तिच्या मागे आली. तिनं प्राचीचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्या गालांना लावले.

ढाल लाकडी होती, तिच्यावर छोट्या पितळी पट्ट्या. भावांची नावं चार पट्ट्यांवर. हेमीनं विचारलं, या वर्षी कोणाचं नाव आधी? मृदुला म्हणाली, "प्राची. स्पेलिंग ती सांगेल."

प्रसाद जवळ आला. त्याला बरंच काही म्हणायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी मी गाडी चालवतो. तुम्ही दोघी मागे बसा."

आणि रवींद्र कुठं आहे म्हणून सगळे बघायला लागले, तर तो कुंपणापाशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. साताऱ्यात तेव्हा सकाळ होती. त्याची धाकटी बहीण शकु चहा पीत असणार. मागच्या गलक्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"अगं नाही, गोष्ट सांगत नाहीये. मी इथं उभा राहून बघितलं. कांदेवाले भाऊ, हे एवढाले हात, चार वर्षं कोणी हरवलं नव्हतं त्यांना. हो. पिस्तूल. पोलादी आहे, आख्खं. हलकं घेतलं असतं तर वहिनींच्या मनगटाचं काही खरं नव्हतं, मी स्वतः बघितलं ना." तो वळला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून जरासा ओशाळला, पण बोलणं थांबवलं नाही. "वहिनी आहेत ना, मस्त आहेत. थांब, थांब. आधी हिच्याशी बोल. हिनं जिंकून दिलं."

आणि तो गवत तुडवत आला आणि त्यानं फोन प्राचीच्या हातात दिला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून शकुआत्यानं विचारलं.

"मी प्राची," ती म्हणाली. "आत्या, आम्ही जिंकलो."